चाक आणि उंबरठा

मराठीत खाण्याच्या जागेला शब्द पुष्कळ आहेत. खानावळ, उपाहारगृह, भोजनालय, अन्नछत्र, टपरी, गाडा. आणि या सगळ्यांना पुरून उरलेला 'हॉटेल' हा शब्द. त्याचा मूळ इंग्रजी अर्थ मुक्कामाची जागा असा असला तरी आपल्याकडे हॉटेलात मुक्काम कोणी करीत नाही, चहा पितो. धाराशिव, तुळजापूर, परंडा, उमरगा या आमच्या पट्ट्यात यांपैकी 'गाडा' हा शब्द विशेष रुळलेला आहे. भज्यांचा गाडा, भेळेचा गाडा, यात्रेतला जिलबी-गोडीशेवेचा गाडा. खाणारा बसतो की उभा राहतो, त्याला आत घेतात की बाहेरच हातावर देतात, हेही या शब्दांवरून कळते. साहित्याच्या अभ्यासकाने म्हणून या शब्दांकडे जरा थांबून पाहावे असे आम्हाला वाटते.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. चाकावरचा अन्नव्यवसाय एखाद्या जुन्या, इतिहास असलेल्या इमारतीत शिरतो तेव्हा नेमके काय होते? हल्ली अशा स्थित्यंताराचे कौतुक 'रस्त्यावरून वर आला' या एका वाक्यात उरकले जाते. या वाक्यात रस्ता खाली आणि इमारत वर, असे आधीच ठरवून टाकलेले असते. ते तपासण्याजोगे आहे.

सर्वांत सरळ उदाहरण मुंबईचे आहे. १९४६ साली उत्तर प्रदेशातून आलेल्या मोहम्मद यासीन यांनी कुलाब्यात, ताजमहाल हॉटेलाच्या पाठीमागच्या टुलक रोडवर सीख कबाबांची शेगडी मांडली. पुढे 'बडे मियाँ' या नावाने ती जागा ओळखली जाऊ लागली. ताजच्या मागच्या अंगाला पदपथावर निखारे फुलताहेत आणि गिऱ्हाईक मोटारीच्या बॉनेटवर थाळी ठेवून जेवते आहे, हे दृश्य मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांना परिचित आहे. पुढच्या पिढीने मूळची जागा न सोडता व्यवसायाचा विस्तार केला आणि फोर्टमध्ये, हॉर्निमन सर्कलच्या बोटावाला बिल्डिंगमध्ये उपाहारगृह थाटले.

हॉर्निमन सर्कल म्हणजे साधीसुधी जागा नव्हे. कोटाच्या आतले जुने 'बॉम्बे ग्रीन', जिथे कापसाचे व्यापारी जमत, त्याच्याभोवती कोट पाडण्याच्या काळात एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारतींचे वर्तुळ आखले गेले. १८७२ साली ते पूर्ण झाले तेव्हा त्याचे नाव एल्फिन्स्टन सर्कल होते. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव त्याला स्वातंत्र्यानंतर मिळाले. गव्हर्नराचे नाव जाऊन संपादकाचे येणे ही एक गंमतच, पण ते असो. मुद्दा असा की, १९४६ ची शेगडी आणि १८७२ चे वर्तुळ यांच्यात अंतर फार तर दोन किलोमीटरचे. सामाजिक अंतर मोजायला मात्र दुसरी पट्टी लागते. शेगडीपाशी येण्यासाठी कोणाला कुठलीही पायरी चढावी लागत नव्हती. हमाल, टॅक्सीवाला, खलाशी आणि ताजमधून उतरलेला पाहुणा एकाच धुरात उभे राहू शकत. इमारतीला दार असते, दाराला माणूस असतो, टेबलावर दरपत्रक असते. पदार्थ तोच राहिला तरी त्याच्याभोवतीची माणसे बदलतात.

मग इमारतीत शिरणे म्हणजे नेहमीच सामान्य गिऱ्हाइकाला गमावणे असते काय? इराण्यांचा इतिहास याला 'नाही' असे उत्तर देतो आणि म्हणूनच तो इथे महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी याझ्द, किरमान या भागांतून आलेल्या झरतुष्ट्री इराण्यांनी मुंबईत चहाचा धंदा सुरू केला. संध्याकाळी जमणाऱ्या देशबांधवांना कोणीतरी किटलीतून चहा देऊ लागला आणि त्यातून धंदा जन्मला, अशी आख्यायिका सांगतात. म्हणजे इथेही आरंभ फिरत्या किटलीचाच. इमारतींचे कोपरे हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ते इराण्यांना सहज मिळाले, असेही सांगितले जाते. आख्यायिकेचा भाग वगळला तरी एवढे खरे की कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांकडून गिऱ्हाईक येते. धोबी तलावच्या जेर महालातले कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. आणि या थाटात बसून एका चहावर तासभर काढणारा गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी. मराठीतल्या किती लेखकांचे संकल्प इराण्याच्या टेबलावर झाले याची मोजदाद कोणी केलेली नाही; किती मोडले याची तर नाहीच.

हे साधले कसे? इराण्यांच्या दिलदारीच्या गोष्टी खऱ्या असतील, पण त्यामागे एक रुक्ष कारणही आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. जागेचे भाडे जवळजवळ स्थिर राहिल्यामुळे एका चहाला एक तास देणे परवडत होते. याच कायद्याची दुसरी बाजू अशी की, घरमालकाला इमारत दुरुस्त करण्यात रस उरला नाही आणि ज्या कमानींखाली स्वस्त चहा मिळत होता त्या कमानींना तडे जात राहिले. पुढे १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली आली. इमारतींना श्रेणी मिळाल्या आणि दर्शनी भाग बदलणे अवघड झाले. पण दर्शनी भाग जपणारा नियम आतल्या चहाचा दर जपत नाही. एकेक इराणी बंद होत गेला तेव्हा बहुतेक ठिकाणी इमारत जागेवरच होती. गेला तो तिच्यातला सर्वांना परवडणारा तास.

याच संदर्भात अमेरिकेतला एक दाखला आठवतो. १८७२ सालीच, म्हणजे एल्फिन्स्टन सर्कल पूर्ण झाले त्याच वर्षी, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने (कादंबरीकार नव्हे, नामसाधर्म्य आहे) घोड्याच्या गाडीतून रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर खाद्यपदार्थ विकायला सुरुवात केली. रात्रपाळीच्या माणसांना खायला दुसरीकडे काही मिळत नसे. अशा गाड्या पुष्कळ झाल्या. मग नगरपालिकांनी त्यांच्या रस्त्यावर उभे राहण्याच्या वेळांवर बंधने घातली. गाडीवाल्यांनी त्यावर तोड काढली: चाके काढली आणि गाडी जमिनीवर बसवली. अमेरिकेतल्या 'डायनर' या उपाहारगृह-प्रकाराच्या पूर्वजांत या गाड्या मोडतात. चाक काढण्यामागे तिथे समृद्धीइतकाच कायद्याचा धाकही होता, हे 'वर आला' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मुंबईकडे परत येऊ; कारण या संपूर्ण प्रश्नाचे सर्वांत नेमके दर्शन आम्हाला एका कवीत घडते. अरुण कोलटकरांचा 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी संग्रह २००४ साली प्रास प्रकाशनाने काढला. त्यातली 'ब्रेकफास्ट टाइम ॲट काळा घोडा' ही दीर्घ मालिका एका इडली विकणाऱ्या बाईभोवती फिरते. ती इडल्यांचा डबा घेऊन येते, वाहतूक बेटावर बसते, आसपासचे रस्त्यावर राहणारे लोक तिच्याभोवती गोळा होतात, आणि थोड्याच वेळात डबा रिकामा होऊन सगळा पसारा दिसेनासा होतो. ना भिंत, ना छप्पर, ना पाटी. तरीही ते एक भोजनगृह आहे, हे कवीने ओळखले. त्या चौकाला नाव देणारा सातव्या एडवर्डचा पुतळाही १९६५ सालीच तेथून हलवलेला होता. म्हणजे ऐतिहासिक म्हणावी अशी वस्तू गेली, नाव राहिले आणि इडली आली.

कोलटकर हे सारे पाहत होते ते रस्त्यापलीकडच्या वेसाइड इन या जुन्या उपाहारगृहातल्या टेबलावरून. दर गुरुवारी दुपारी ते तिथे बसत. डॉ. आंबेडकरांनी घटनेच्या मसुद्याचे काही काम तिथल्या एका टेबलावर केले, असे त्या जागेविषयी सांगितले जाते. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत वेसाइड इन बंद झाले आणि तिथे दुसरे उपाहारगृह आले. आम्ही वर्गात या कविता शिकवतो तेव्हा एक प्रश्न हटकून विचारतो: कवी काचेच्या आत आणि इडली काचेच्या बाहेर, या रचनेचे काय करायचे? कोलटकरांनी इडलीवालीला आत आणले नाही, तिचे 'वर येणे' रंगवले नाही. तिचे भोजनगृह जिथे आहे तिथेच पूर्ण आहे, असे मानून त्यांनी ते लिहिले. आमच्या मते या मालिकेचे मोठेपण इथे आहे. तिच्यावर दया करण्याची सोय कवीने वाचकाला ठेवलेली नाही.

आता धाराशिवकडे. मुंबईसारखे सरळ उदाहरण, गाड्यापासून थेट ऐतिहासिक वास्तूपर्यंत गेलेले, आम्ही इथून पुढे करणार नाही. पण या प्रश्नाची दोन्ही टोके, चाकही आणि वास्तूचा पुनर्वापरही, या जिल्ह्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहेत. तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली पटवली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या प्रवासवृत्तात तगरचे कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचच्या बंदराकडे नेले जात असल्याचा उल्लेख आहे. त्याच तेरमध्ये त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आहे. त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार. हेन्री कझिन्स यांनी ते मुळात बौद्ध चैत्यगृह असून पुढे वैष्णव मंदिर झाले असे मत मांडले. ते मान्य केले तर आमच्या जिल्ह्यातली अत्यंत जुनी उभी इमारत ही वापर बदललेली इमारत ठरते. वास्तू टिकते ती पुष्कळदा अशीच: तिच्यात कोणीतरी दिवा लावीत राहिले म्हणून.

नळदुर्गचेही तसेच. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला तो इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास. १८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला तेव्हा कारभार पाहायला मेडोज टेलर आला, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या १८३९ च्या कादंबरीचा लेखक. त्याने किल्ल्यातच बिऱ्हाड केले आणि आत्मचरित्रात नळदुर्गविषयी लिहिले. आदिलशाही किल्ल्याच्या तटाआड इंग्रज कादंबरीकाराची चूल पेटली होती, असे म्हणायला हरकत नाही. पुढे राज्य शासनाने २००७ साली 'महाराष्ट्र वैभव' ही राज्य संरक्षित स्मारकांच्या संगोपनाची योजना आणली आणि तिच्याखाली २०१४ च्या सुमारास हा किल्ला सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे दहा वर्षांच्या संगोपनासाठी गेला. झाडोरा निघाला, बागा झाल्या, पर्यटक वाढले. जिथे पर्यटक तिथे भूक, आणि जिथे भूक तिथे गाडा, हे ओघानेच आले.

या ठिकाणी कायद्याचा एक विलक्षण पेच दिसतो. केंद्र-संरक्षित स्मारकांपुरते बोलायचे तर, १९५९ च्या नियमांप्रमाणे स्मारकाच्या आत परवानगीवाचून माल विकता येत नाही. आणि २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. आत विकणे मना, शेजारी बांधणे मना. उरतो तो वेशीबाहेरचा रस्ता, आणि रस्त्यावर उभे राहू शकते ते ज्याला पाया नाही असे काहीतरी. वारशाच्या कायद्याने वारशाच्या शेजारी जागा ठेवली आहे ती नकळत गाड्यासाठीच.

संरक्षित स्मारके सोडून राहत्या वाड्यांकडे वळले की चित्र निराळे होते. वाड्यात उपाहारगृह काढण्याची कल्पना आता आमच्याकडेही अधूनमधून ऐकू येते. ती नवी म्हणावी तर तुळजापुरात पुजाऱ्यांच्या वाड्यांतून भाविकांनी उतरावे, नैवेद्याचा स्वयंपाक तिथेच व्हावा, पंगत तिथेच बसावी, ही रीत जुनीच आहे. फक्त त्याला कोणी उपाहारगृह म्हणत नाही. मराठवाड्यातल्या वाड्याची रचना पाहा: दिंडी दरवाजा, ढाळज, चौक, ओसरी, माजघर, आणि सर्वांत आत स्वयंपाकघर. ही खोल्यांची यादी म्हणजेच माणसांची उतरंड होती. कोणी ढाळजेपर्यंत यावे, कोणी चौकापर्यंत, कोणी दिंडीबाहेरच उभे राहून वरून पडणारे घ्यावे, हे दगडात आणि लाकडात लिहून ठेवलेले असे. गावातल्या हॉटेलांनीही हीच उतरंड वेगळ्या कपबशीच्या रूपाने पुढे चालवली. दलित आत्मकथनांनी त्याची साक्ष नोंदवून ठेवलेली आहे. अशा वाड्याच्या माजघरात उद्या टेबल मांडले गेले आणि पैसे देणारा कोणीही तिथे बसून जेवू लागला, तर ती त्या वास्तूच्या इतिहासातली लहान घटना नव्हे. गाड्याच्या बाजूने इतका वेळ बोलल्यानंतर हेही आम्हाला म्हणायलाच हवे. रस्त्याचा मोकळेपणा वाड्यात आणता येत असेल तर वाड्याने तो घ्यावा. मात्र जातीचा उंबरठा काढून तिथे नुसता दराचा उंबरठा बसवला, तर दिंडीबाहेर उभी राहणारी माणसे बव्हंशी तीच राहतील.

वाड्याच्या बाबतीत आमच्या भागाला आणखी एक आठवण सुटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्याबरोबर सास्तूर आणि आसपासची आमच्या जिल्ह्यातली गावे भुईसपाट झाली. मृतांची संख्या आठ हजारांच्या आसपास गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, हीच माणसांना गाडणारी गोष्ट ठरली. त्यानंतर माळवदाखाली झोपायला लोक धजावेनात. तंबू, पत्रे, मग सिमेंट असा प्रवास झाला. म्हणून 'जुन्या वाड्याचा देखणा माहोल' हे शब्द पुण्या-मुंबईत जितके सहज उच्चारता येतात तितके इथे येत नाहीत. भूकंपानंतर तज्ज्ञांनी सुचवलेले उपाय मात्र साधे होते: माळवदावरची माती कमी करावी, भिंतीच्या दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड बसवावेत, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार द्यावेत. जो कोणी वाड्यात हॉटेल काढील त्याने सजावटीच्या आधी हा खर्च करावा. शिवाय एका कुटुंबाच्या चुलीसाठी ठेवलेले छतातले धुराचे भोक दिवसभर तळणाऱ्या कढयांना पुरत नाही. वाफ आणि तेलकटपणा लाकडात मुरतो, सांडपाणी पायात. गाड्याचा धूर निदान आभाळात जातो.

हे सगळे टाळून वाडा 'दाखवणे' मात्र सोपे आहे आणि तेच सर्रास चाललेले दिसते. सोलापूर रस्त्याला असो की पुण्याच्या वाटेवर, नवी बांधलेली, वाड्याचे सोंग घेतलेली हॉटेले उभी आहेत. दर्शनी भिंतीवर बैलगाडीचे चाक हमखास लटकवलेले असते. ज्या चाकावर पोट भरत होते ते भिंतीला टांगायचे आणि खरोखर चाकावर पोट भरणाऱ्याला दारासमोरून हटवायचे, यातली विसंगती कोणाला जाणवते असे दिसत नाही.

शेवटी एका तरतुदीकडे आमच्या विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमात असे म्हटले आहे की, ज्या बाजारात पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले आहेत तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, आणि तिथल्या विक्रेत्यांना अन्यत्र हलवू नये. दगड-चुन्याशिवाय, नुसत्या माणसांच्या रोज जमण्याला वारसा म्हणणारी ही व्याख्या आहे. पण पन्नास वर्षे सिद्ध कशी करायची? गाड्याला शिलालेख नसतो. आमच्याकडे निजामी अमदानीपासून बाजारातल्या बैठकीचा जो कर घेतला जाई त्याला तहबाजारी म्हणतात. त्या पावत्या कोणी जपून ठेवल्या असतील तर त्या पत्र्याच्या पेटीत, देवाच्या फोटोमागे, रेशनकार्डाच्या पिशवीत सापडतील. आठवडी बाजारात आजोबांपासून भजी तळणाऱ्या घरांच्या तोंडी मुलाखती, यात्रांच्या जुन्या हँडबिलांवरची नावे, नगरपालिकेच्या ठरावांची पुस्तके, जुन्या छायाचित्रांत मागे चुकून आलेला एखादा गाडा. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांतून दरवर्षी प्रकल्प लिहिले जातात. त्यांतले चार-दोन या कामाला लागले तर हरकत नसावी. १९७५ पूर्वीचे आठवणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि पावत्यांचा कागद त्यांच्याहूनही नाजूक आहे.